वडगावची लढाई आणि ‘इष्टुर फाकडा’ : पार्श्वभूमी

वडगाव मावळात रणभूमी बघायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा महादजी शिंद्यांच्या पुतळ्यापाशी थांबतात आणि मग विचारतात, “तो इंग्रज पुरलाय तो कुठे?” तो इंग्रज म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’. त्याचं थडगं पोलीस ठाण्याच्या आवारात आहे.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर आणण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी ही मोहीम काढली. कॅप्टन स्टुअर्ट नोव्हेंबर १७७८ मध्ये सहा तुकड्यांनिशी पुढे निघाला आणि विरोध न होता त्याने बोरघाट घेतला. मागून येणाऱ्या मुख्य फौजेबरोबर सामानाचे सुमारे १९ हजार बैल होते, त्यामुळे तिची चाल फार मंद झाली. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. त्यांनी वाटेतलं गवत आणि धान्य जाळलं, मागची रसद तोडली. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव पेटवून दिलेलं होतं. ११ च्या रात्री मोठ्या तोफा तळ्यात टाकून ते मागे फिरले आणि वडगावात कोंडले गेले. करार झाला तो १६ जानेवारीला.

स्टुअर्ट त्याआधीच, ४ जानेवारीला, कार्ल्याजवळ मारला गेला होता. झाडावर चढून दुर्बिणीतून मराठ्यांचा तळ न्याहाळत असताना त्याला तोफेचा गोळा लागला, असं या भागात सांगतात.

त्याच्या नावाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. स्टेशनचं इष्टेशन झालं तसाच स्टुअर्टचा इष्टुर झाला. सुरुवातीच्या जोडाक्षराआधी ‘इ’ लावायची मराठी जिभेची ही जुनी सवय आहे. अडतं ते ‘फाकडा’पाशी. आज ‘फाकडू’ म्हटलं की देखणा, नटवा पोरगा डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा साहेब दिसायला राजबिंडा होता असं अनेक जण लिहून मोकळे होतात. मला हा अर्थ चुकीचा वाटतो. त्याच काळात मानाजी शिंद्यांनाही ‘फाकडे’ म्हणत, आणि ते रूपावरून नव्हे. बेडर, ऐटीत अंगावर जाणारा लढवय्या, असा त्या शब्दाचा रोख होता. शत्रूच्या माणसाला आपल्याच सरदाराचा किताब मिळावा, ही फार मोठी दाद आहे. तिला दिसण्यावर नेऊन ठेवणं म्हणजे ती दाद हिरावून घेणं होय.

‘थडगं’ की ‘समाधी’ हा वादही जुनाच. गावातली माणसं समाधी म्हणतात, मान देतात, हात जोडतात. काहींना ते खटकतं : विजय आपला आणि हात जोडायचे शत्रूला? पण हरलेल्याच्या शौर्याला दाद देणं ही त्या विजयाचीच एक खूण आहे, असं मला मनापासून वाटतं. तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. पर्यटक थडग्याची गोष्ट ऐकून परततात आणि कराराच्या अटी कुणी वाचत नाही. १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करणं आणि राघोबादादांना स्वाधीन करणं इंग्रजांनी कबूल केलं होतं. वरिष्ठांनी पुढे तो करार नाकारला. लढाई लांबत गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात मुंबईलगतचं साष्टी बेट इंग्रजांकडेच राहिलं.

रणभूमी म्हणावी असं मोकळं माळरान आता शोधूनच काढावं लागतं. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे आली, पुढे महामार्ग आला, गाव तालुक्याचं ठाणं झालं आणि वस्ती चहूकडे पसरली. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना तर वडगावात शिरावंही लागत नाही. जुन्या रस्त्याने आलात तर पुतळा आणि थडगं दोन्ही बघून घ्या, आणि जमल्यास जानेवारीत या. सकाळच्या धुक्यात समोरची वाट दिसत नाही, तेव्हा रात्रभर चालून आलेली ती फौज इथे कशी अडकली असेल ते कळतं.