कवळी टोचते तेव्हा हिरडीत काय घडतं?

नवी कवळी बसवून चार दिवस झाले, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तोंड आलंय, उष्णता झाली असणार." मग सब्जा भिजत पडतो, गुलकंद येतो, कुणीतरी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून देतं. आजी-आजोबा बिचारे आठ दिवस पेज पिऊन काढतात आणि शेवटी कवळी डबीत जाऊन पडते. या जखमेचा शरीरातल्या 'उष्णते'शी काडीचाही संबंध नाही. नेहमीचं तोंड येतं ते आज गालात, उद्या जिभेवर. कवळीची जखम मात्र बरोबर कवळीच्या कडेखाली किंवा एखाद्या उंचवट्याखाली असते आणि तिथेच राहते. तिचं कारण दाब आहे, आणि तो दाब नेमकं काय करतो हे पाहण्यासारखं आहे.

खरा दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंवर तोललेला असतो. एका जबड्यातल्या सगळ्या मुळांभोवतीच्या या थराचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर. दात पडले की हे तंतूही जातात. पूर्ण कवळी मग हिरडीच्या मऊ अस्तरावर बसते. वरच्या जबड्यात टाळू धरून तिला सुमारे २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. खाली जिभेसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे उरतात जेमतेम १२. खालचीच कवळी जास्त छळते, ती यामुळे.

आता थोडं गणित. भाकरी चावताना खालच्या कवळीवर ५ किलोचा भार पडला आणि तो १२ चौरस सेंटिमीटरवर अगदी सारखा वाटला गेला, असं धरू. तरीही दाब येतो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरच्या आसपास. ब्लडप्रेशर '१२०' म्हणतो, तेच हे एकक. हिरडीला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या याहून फार नाजूक असतात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० साली माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत सूक्ष्म काचनळी घालून आतला दाब मोजला. रक्त आत शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर निघाला. म्हणजे दर चावण्याला कवळीखालचा रक्तपुरवठा थांबतो!

मग सगळी हिरडीच सोलून का निघत नाही? कारण वेळ. चावणं आणि गिळणं धरून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते दिवसभरात सारे मिळून साधारण पाव तास. दोन चावांच्या मधल्या क्षणी दाब सुटतो आणि रक्त परत येतं. ३०० मिलिमीटरचा क्षणभराचा दाब हिरडी सोसते, पण ५० मिलिमीटरचा सततचा दाब तिला सोसत नाही. कवळीची कड गरजेपेक्षा मिलिमीटरभर लांब असेल, किंवा हाडाचा टोकदार कंगोरा नेमका खाली आला असेल, तर तिथे तोंड मिटून गप्प बसलं तरी दाब चालूच राहतो. काही तासांत वरच्या थरातल्या पेशी मरू लागतात, थर सुटतो आणि लाल कडेची पांढुरकी-पिवळट जखम दिसते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोअर होतो, तोही याच रीतीने. त्यातच उतारवयात दाबलेलं अस्तर पुन्हा फुगून मूळ जाडीवर यायला तासन् तास लागतात. म्हणून रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची.

"नवी चप्पल चावतेच, सवय होईल," असंही सांगितलं जातं. चपलेचं चामडं घालून घालून मऊ पडतं. कवळीचं अ‍ॅक्रिलिक (कडक प्लास्टिक) तसूभरही मऊ पडत नाही. टोचणारी कड तशीच ठेवली, तर महिनोन् महिन्यांनी हिरडीच तिच्याभोवती मांसल घडी करून वाढते, आणि ती कधी कधी शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

खरा इलाज दंतवैद्याच्या खुर्चीत होतो आणि तो फार सुंदर आहे. कवळीच्या आतल्या बाजूला ब्रशने पांढऱ्या पेस्टचा पातळ थर देतात. ब्रशच्या रेघा त्यावर स्पष्ट दिसतात. कवळी तोंडात बसवून दाबतात आणि काढतात. जिथे जास्त दाब आहे तिथली पेस्ट बाजूला सरकून खालचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक उघडं पडलेलं असतं. तेवढाच ठिपका बरने (यंत्राच्या छोट्या फिरत्या टोकाने) घासायचा आणि पुन्हा पेस्ट लावून बघायचं. जखम हिरडीच्या माथ्यावर असेल, तर दोष बहुधा चाव्यात, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्यात असतो. मग दातांमध्ये रंगीत कागद ठेवून उंच लागणारा दात शोधतात. घरी कानस किंवा सँडपेपर घेऊन बसू नका. जिभेला लागते ती जागा आणि टोचणारी जागा एकच असेल असं नाही, आणि जास्त घासलं गेलं तर कवळी सैल होते. दवाखान्यात जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे खूण नीट दिसते.

तोपर्यंत कवळी शक्य तितकी बाहेर ठेवा आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. बधिर करणारं जेल थोडा वेळ आराम देतं, पण दाब तसाच राहतो. लवंगतेल उघड्या जखमेला भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवण्याचा उपाय तर त्याहून वाईट, ती आम्लाने अस्तर जाळते. अ‍ॅलर्जी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं वंगण कमी झालं की घर्षण वाढतं. हे डॉक्टरांना जरूर सांगा.

कवळी घासून घेतल्यावर जखम आठवड्याभरात भरू लागते. दाब काढूनही दोन आठवड्यांत ती भरली नाही, कडा कडक लागल्या किंवा गळ्यात गाठ हाताला आली, तर दुसरं काही, विशेषतः कर्करोग, नसल्याची खात्री करून घ्यायलाच हवी, गरज पडल्यास तुकडा काढून तपासायलाही हवा. आपल्याकडे वर्षानुवर्षं मिश्री लावलेल्या किंवा तंबाखू खाल्लेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर एक दिवसही जास्त थांबू नये, आणि दुखतंय म्हणून त्याच जागी मिश्री चोळणं आधी बंद करावं.