पंचबाहेरची वीस मिनिटं: कामाचे तास कोणते, आणि थकलेल्या ओटीसाठी (ओव्हरटाइमसाठी) दावा कसा करायचा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतो, तेव्हा पहिली शिफ्ट सातची. पण पावणेसातलाच मशीनपाशी उभं राहायचं, आधीच्या माणसाकडून जॉब समजून घ्यायचा आणि मग सातला पंच, म्हणजे हजेरीची नोंद. सुटतानाही आधी पंच, मग चिप (धातूचा कीस) काढून मशीन पुसायचं. रोजची 20 मिनिटं. महिन्याचे 26 दिवस धरले तर 8 तास 40 मिनिटं होतात, म्हणजे एक अख्खी शिफ्ट फुकट. हे मला फार उशिरा कळलं.

कामाची वेळ ओळखायची खूण साधी आहे: त्या वेळेत तुम्ही मालकाच्या हुकमाखाली होता का? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाच्या तासांची व्याख्याच तशी होती. लाइट गेली आणि तुम्हाला शॉपमध्येच बसवून ठेवलं, तर ती वेळ कामाची. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जायची मोकळीक असेल तर ती धरत नाहीत. पण मशीनवर लक्ष ठेवत डबा खायचा असेल, तर माझ्या मते ते कामच. घरून कारखान्यात येण्याचा वेळ मात्र मागता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. तिच्यानुसार ठरलेल्या तासांपुढच्या कामाला किमान दुप्पट दर द्यावा लागतो. समजा पगार 13,000 आहे. 26 दिवस आणि 8 तासांनी ताशी 62.50 पडतात, ओटीचे 125. वरच्या 8 तास 40 मिनिटांचे साधारण 1,083 रुपये झाले, तेही एका महिन्याचे.

दावा कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत युनियनही करू शकते. एकाच आस्थापनेतल्या अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि मी तोच मार्ग सुचवेन, कारण एकट्या माणसावर दबाव लवकर येतो. ठेकेदाराकडच्या हेल्परनेही मागे राहू नये: ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर जबाबदारी कारखान्याच्या मालकावर येते. मुदत 3 वर्षांची. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती 12 महिनेच होती, त्यामुळे नोव्हेंबर 2025 च्या आधीची थकबाकी असेल तर आजच कामगार कार्यालयात विचारणा करा.

आधी मालकाला लेखी मागणी द्या आणि पोहोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. मग सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन दावा कोणत्या अधिकाऱ्याकडे दाखल करायचा ते विचारा. सोबत आधार, ओळखपत्र, नेमणूकपत्र असल्यास ते, पगारस्लिपा, बँक पासबुक आणि पीएफचा यूएएन नंबर न्या. नेमणूकपत्र दिलंच नसेल तरी अडू नका; खात्यात जमा झालेला पगारही तुम्ही तिथे कामाला होता हे दाखवतो.

सगळ्यात कामाला येते ती वही. तारीख, मशीनपाशी कधी पोचलात, पंच कधी केलं, खरोखर कधी सुटलात, कुणी थांबवलं, हे त्याच दिवशी लिहा. सुपरवायझरचे 'लवकर या' असे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. पगार दिला की नाही या वादात दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा असतो, पण तुम्ही किती वेळ थांबलात ते तुमच्या वहीतूनच दिसणार. मी ती ठेवली नव्हती. शेजारच्या लेथवाल्याने ठेवली होती, आणि हिशेबाला बसलो तेव्हा त्याचीच पानं आम्हा दोघांच्या उपयोगी पडली.