'काही नाही, सरकार'

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या तिसऱ्या अंकात सेनापती ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना हिचा निरोप घेऊन कॅसियो हा अधिकारी निघतो आणि ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो पुटपुटतो, "हं, हे काही बरं दिसत नाही." ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? "काही नाही, सरकार." नाटकातला खरा घात इथेच होतो. कॅसियोची झोपेतली बडबड, त्याने डेस्डेमोनाच्या रुमालाने पुसलेली दाढी, या धडधडीत थापा नंतरच्या. आधी इयागो फक्त अर्धं वाक्य टाकतो. उरलेलं अर्धं ऑथेल्लो स्वतःच पुरं करतो. आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर कोण संशय घेतो?

१९६० साली पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, बसतात की नाही ते मी सांगतो. अनेकांनी मनाशी ठरवून टाकलं, दोन-दोनने वाढणारे आकडे! मग ८-१०-१२, २०-२२-२४ असं विचारत गेले. दर वेळी 'बसतात' हेच उत्तर, दर वेळी खात्री आणखी पक्की. नियम मात्र एवढाच होता, की आकडे चढते हवेत. ५-७-४० विचारून आपलाच अंदाज मोडून पाहावा, हे फार थोड्यांना सुचलं.

ऑथेल्लोने ते करून पाहिलं, हे आपण विसरतो. चौथ्या अंकात तो डेस्डेमोनाची सखी-दासी एमिलिया हिची उलटतपासणी घेतो. ती शपथेवर सांगते, बाईसाहेब निष्कलंक आहेत. तो मनात म्हणतो, कुंटीण दुसरं काय सांगणार! पुरावा मागितला, मिळाला आणि फेकूनही दिला.

शेवटच्या अंकात तर डेस्डेमोनाची भीतीच तिच्याविरुद्ध साक्ष देते. कॅसियो मेला असं ऐकून ती रडते, कारण आपलं निरपराधपण सांगणारा आता उरला नाही. ऑथेल्लोला त्यात प्रियकरासाठी केलेला शोक दिसतो. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये या गफलतीला 'ऑथेल्लोची चूक' असंच नाव दिलं. पकडले जाऊ या भीतीने छाती धडधडते, तळहात घामेजतात. आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीनेही तेच होतं. शरीराकडे या दोन भीतींसाठी वेगवेगळी लक्षणं नाहीत. 'लाय डिटेक्टर'ची अडचणही हीच. नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्यात माणसं किती तरबेज असतात, याचा अनेक प्रयोगांवरून २००६ मध्ये घेतलेला आढावा सरासरी ५४ टक्के सांगतो. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात.

जोडीदार फसवतोय हा आधारहीन, न हटणारा भ्रम १९५५ पासून 'ऑथेल्लो सिंड्रोम' म्हणून ओळखला जातो. डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारी औषधं घेणाऱ्या पार्किन्सनच्या काही रुग्णांतही तो दिसला आहे आणि डोस कमी केल्यावर ओसरलेलाही. नाव मात्र मला चुकीचं वाटतं. या रुग्णांना कान भरणारा कुणी लागत नाही. ऑथेल्लोला लागला होता. गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून हे नाटक मराठीत आणलं, तेव्हाही त्या कान भरणाऱ्याशिवाय त्यांचं भागलं नाही.

सगळं उघडकीला आल्यावर ऑथेल्लो विचारतो, असं का केलंस? इयागो म्हणतो, मला काही विचारू नका. तुम्हाला जे कळलंय ते कळलंय. आणि त्यानंतर तो तोंड उघडत नाही.