ब्युर्गरमाइस्टर आणि ओबरब्युर्गरमाइस्टर

2 एप्रिल 2023 रोजी जर्मनीतल्या ओस्टेल्सहाइम गावाने रयान अलशब्ल यांना ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे गावप्रमुख, म्हणून निवडून दिलं. गाव बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं, वस्ती जेमतेम अडीच हजार. रयान मूळचे सीरियातल्या सुवैदा भागातले, जन्म 1994चा. 2015 मध्ये युद्धामुळे देश सोडला, तुर्कस्तानातून रबरी होडीने लेस्बॉस बेट गाठलं आणि पुढे जर्मनीत आले. भाषा शिकले. आल्टहेंगश्टेट या शेजारच्या गावाच्या कचेरीत कारभाराचं प्रशिक्षण घेऊन तिथेच नोकरीला लागले. 2022 मध्ये नागरिकत्व मिळालं आणि पुढच्याच वर्षी अपक्ष लढून 55.41 टक्के मतं! नोंदी, दाखले, परवाने हे काम आतून शिकलेला माणूस गावाने निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच राज्यातलं ट्युबिंगेन हे सुमारे नव्वद हजार वस्तीचं विद्यापीठाचं शहर. तिथे जानेवारी 2007 पासून बोरिस पाल्मर होते, पण ओबरब्युर्गरमाइस्टर म्हणून. 'ओबर' म्हणजे वरचा. मग ते रयान यांच्या वरचे का? अजिबात नाही. वीस हजारांहून मोठ्या शहराला विशेष दर्जा मिळाला की प्रमुखाचं पदनाम बदलतं, एवढंच. खरा गोंधळ पुढे आहे: ट्युबिंगेनमध्येही ब्युर्गरमाइस्टर असतात, पण ते परिषदेने निवडलेले, प्रमुखाच्या हाताखालचे. म्हणजे शब्द तोच. गावात तो प्रमुखाचा, शहरात उपप्रमुखाचा.

अधिकारांचा गाभा दोघांचा सारखाच. दोघेही थेट जनतेतून, आठ वर्षांसाठी. परिषदेचं अध्यक्षपद, तिथे स्वतःचं मत, आणि कचेरीतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रमुखपदही. आपल्याकडच्या भाषेत, सरपंच आणि ग्रामसेवक एकाच खुर्चीत. म्हणून 'महापौर' हे भाषांतर फसवं आहे. महाराष्ट्रातला महापौर नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला असतो आणि कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती असतात.

फरक आहे तो आवाक्याचा. पगारही वस्तीनुसार ठरतो. दोन हजारांखालच्या गावांत तर हे पद सहसा मानद असतं, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करायचं. पाल्मर यांच्या ट्युबिंगेनने 2022 पासून एकदाच वापरायच्या कपांवर आणि डब्यांवर 50 सेंट कर लावला. वाद थेट घटना न्यायालयात गेला आणि जानेवारी 2025 मध्ये शहराच्या बाजूने निकाल जाहीर झाला. रयान यांची प्रचारातली आश्वासनं पाळणाघरांच्या सोयीच्या वेळांची आणि घरबसल्या मिळणाऱ्या दाखल्यांची होती.

त्या भागातल्या श्वाबेन बोलीत गावप्रमुखाला अजूनही 'शुल्टेस' म्हणतात. 'शुल्टहाइस' या जुन्या पदनामाचं ते बोलीतलं रूप.