मंदिरांच्या मधली नदी

इजिप्तच्या सहलीतील लक्सर ते अस्वान हा नाईलवरचा दोनशेहून अधिक किलोमीटरचा टप्पा बहुतेक पर्यटक मंदिरांसाठी करतात. जहाज एस्ना, एदफू, कोम ओम्बो अशा धक्क्यांना लागते, मार्गदर्शकाच्या मागोमाग मंडळी मंदिर पाहून येतात, आणि मधल्या वेळात नदी ही डेकवर चहा घेत बघायची शोभा ठरते. वास्तविक या प्रवासातील सर्वांत बोलका पुरावा ती नदीच आहे. मंदिर कोणत्या जागी उभे राहिले, कोणत्या दगडाचे बांधले गेले, जमिनीखाली किती गेले आणि आज त्याच्या भिंतींना काय होत आहे, हे सारे पाण्याकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे लक्सरहून अस्वानला निघालेले जहाज नकाशावर खाली उतरताना दिसले तरी प्रत्यक्षात प्रवाहाविरुद्ध चढत असते. प्राचीन नावाड्यांना ही चढण फारशी जड गेली नाही, कारण या खोऱ्यात वर्षातील बहुतांश काळ वारा उत्तरेकडून येतो. दक्षिणेस जाताना शीड उभारायचे आणि उत्तरेस परतताना ते उतरवून नाव प्रवाहावर सोडायची, एवढ्या सोप्या व्यवस्थेवर एक लांबलचक, चिंचोळे राज्य हजारो वर्षे एकत्र बांधलेले राहिले. याच वाऱ्याच्या आधारे अलेक्झांड्रियाहून लक्सरच्या उत्तरेकडील कोप्टोसपर्यंत बारा दिवसांत पोहोचता येते, आणि तिथून उंटांवरून आणखी बारा दिवसांत तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, असे रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवले आहे. पुढचा प्रवास मान्सून वाऱ्यांचा होता. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात, आणि बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय मातीच्या रांजणात साठवलेली साडेसात किलो काळी मिरी तसेच सागवानाची लाकडे सापडली आहेत. म्हणजे कोकणातून निघालेल्या मालाचा शेवटचा टप्पा याच नदीवरून पार पडत असे.

लक्सर, म्हणजे प्राचीन थीब्ज, इथला कर्नाकचा मंदिरसमूह त्याच्या १३४ स्तंभांच्या महामंडपासाठी प्रसिद्ध आहे; मधल्या रांगांतील बारा स्तंभ सुमारे २१ मीटर उंचीचे आहेत. पण मंदिर नेमके तिथेच का, याचे उत्तर गाळात मिळाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनासाठी परिसरात ६१ ठिकाणी जमिनीत खोलवर नळ्या घालून गाळाचे नमुने काढण्यात आले. त्यांवरून असे दिसते की, इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या आधी ही जागा पुराच्या पाण्याखाली जात असल्याने वस्तीस योग्य नव्हती. पुढे नदीचे दोन फाटे दोन्ही बाजूंनी जमीन कापत गेले आणि मध्ये एक उंचवटा बेटासारखा उरला. मंदिराचा आरंभ त्या उंचवट्यावर झाला, आणि फाटे गाळाने भरत गेले तसतसे मंदिर त्या भरलेल्या जमिनीवर पसरत गेले. आदिम जलाशयातून वर आलेल्या पहिल्या उंचवट्यावर सृष्टी निर्माण झाली, असे प्राचीन इजिप्तच्या पुराणकथांत सांगितले आहे. त्या कथेमुळेच ही जागा निवडली गेली, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु दर पुरानंतर ओसरत्या पाण्यातून वर येणारी जमीन पाहणाऱ्या लोकांना ती कथा पटायला फारसे कष्ट पडले नसतील.

समोरच्या पश्चिम तीरावरील राजांच्या दरीतील थडगी चुनखडकात कोरलेली आहेत. त्या चुनखडकाच्या खाली शेल नावाचा चिकणमातीचा, पापुद्र्यांचा खडक आहे, आणि तो भिजला की फुगतो. जी थडगी खोल जाऊन या थरापर्यंत पोहोचली, त्यांच्या भिंती आणि स्तंभ अचानक कोसळणाऱ्या पावसाच्या लोंढ्यांमुळे तडकले आहेत. राजा रामसेस दुसरा याच्या थडग्याची आजची दुर्दशा बऱ्याच अंशी यामुळेच झाली.

एस्नाला पहिला बंधारा १९०८ मध्ये पूर्ण झाला. आता नव्या बंधाऱ्याच्या जलपाशातून जहाजांना काही मीटर वर उचलले जाते. रांगेत थांबलेल्या जहाजांभोवती होडकी येतात आणि विक्रेते खालून डेकवर चादरी-सदरे फेकून भाव करतात. पर्यटकांचे लक्ष साहजिकच तिकडे जाते. गावातील ख्नूम देवाचे मंदिर मात्र आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे नऊ मीटर खाली आहे आणि तिथे पायऱ्या उतरून जावे लागते. पुराचा गाळ दर हजार वर्षांना साधारण मीटरभर जमीन वाढवत असे, आणि त्याच्यावर जुनी मातीची घरे पडून नवी उभी राहत. मंदिर खचलेले नाही, गाव वर चढले आहे. २०१८ पासून इजिप्तचे पुरातत्त्व खाते आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठ यांनी इथल्या छतावरचा काजळीचा आणि धुळीचा थर काढायला सुरुवात केली, तेव्हा खालून राशिचक्राची आणि देवतांची चित्रे मूळ रंगांत बाहेर आली. या प्रवासात पाहण्यासारखे एकच छत निवडायचे असेल, तर माझी पसंती याला राहील. एदफूचे होरस देवाचे मंदिर इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू होऊन इसवी सनापूर्वी ५७ मध्ये पूर्ण झाले. वाळूने आणि गाळाने ते इतके भरले होते की त्याच्या छतावर लोकांची घरे होती; १८६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएतने ते मोकळे केले. ते इतके शाबूत राहिले, यात त्या पुरले जाण्याचाच मोठा वाटा आहे.

एदफू आणि कोम ओम्बो यांच्या मध्ये नदी अचानक अरुंद होते आणि दोन्ही काठांना पिवळसर कडे जवळ येतात. हे गेबेल एल-सिलसिला. मोठी जहाजे इथे थांबत नाहीत, आणि ही माझ्या मते या सहलींच्या आखणीतील सर्वांत मोठी उणीव आहे. शिडाच्या लहान दहाबिया नौकांनी जाणाऱ्यांनाच इथे उतरायला मिळते. अठराव्या राजवंशापासून कर्नाक, लक्सर आणि पुढे एदफूपर्यंतच्या मंदिरांना लागलेला वालुकाश्म मोठ्या प्रमाणावर इथूनच गेला. एस्नाच्या उत्तरेला खोऱ्याच्या कडा चुनखडकाच्या आहेत आणि दक्षिणेला वालुकाश्माच्या, हा बदल डेकवरूनही ओळखू येतो. वालुकाश्माची तुळई चुनखडकापेक्षा जास्त लांबीचे अंतर न मोडता पेलते. त्यामुळे स्तंभांमधले अंतर वाढवता आले, मंडप रुंद झाले, आणि कर्नाकचा महामंडप शक्य झाला. कड्यांवर आजही पाथरवटांच्या छिन्नीच्या तिरप्या रेघा ओळीने दिसतात. दगड काठावरच कापला जाई आणि पाण्याने भरलेल्या नदीवर तराफ्यांतून उत्तरेकडे सोडला जाई. रस्त्याने तो ओढण्याचा खर्च कोणत्याही राजाला परवडला नसता. याच ठिकाणी रामसेस दुसरा आणि मर्नेप्ताह यांच्या काळात नदीला अर्पण करायच्या वस्तूंच्या याद्या खडकावर कोरल्या गेल्या.

कोम ओम्बोला जहाज बहुधा संध्याकाळी लागते. लोक मगरींच्या ममी पाहायला घाई करतात आणि मंदिराच्या आवारातील गोल विहीर ओलांडून पुढे जातात. ही विहीर नदीशी जोडलेली होती आणि तिच्यातील पाण्याच्या पातळीवरून पूर मोजला जाई. अशी मापके नदीकाठी अनेक ठिकाणी होती. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर पाण्यात उतरत जाणारा जिना आहे आणि त्याच्या भिंतीवर ‘हात’ या मापाच्या खुणा आहेत. इजिप्शियन राजहात सुमारे ५२ सेंटीमीटरचा. इसवी सनापूर्वी पंचविसाच्या सुमारास भूगोलकार स्ट्रॅबोने इथले मापक पाहून त्याचे वर्णन लिहिले, आणि १८७० मध्ये इजिप्तचे खगोलशास्त्रज्ञ महमूद अल-फलकी यांनी जिन्यावर नवी मापे बसवून तो पुन्हा वापरात आणला. पूर किती हात चढला यावरून पिकाचा आणि म्हणून कराचा अंदाज येत असे. बारा हातांना उपासमार, तेरांना टंचाई, चौदांना आनंद, पंधरांना निश्चिंती आणि सोळांना उल्हास, असा हिशेब प्लिनीने दिला आहे. सोळांच्या फार वर गेले तर पाणी शेतातून वेळेत ओसरत नसे आणि पेरणी हुकत असे.

कैरोतील रोडा बेटावरच्या मापकाच्या नोंदी इसवी सन ६२२ पासून मिळतात. इतकी दीर्घ जलमापनाची मालिका जगात क्वचितच आहे. विसाव्या शतकात हॅरोल्ड हर्स्ट हा इंग्रज जलशास्त्रज्ञ इजिप्तमध्ये काम करत होता आणि त्याच्यापुढे व्यावहारिक प्रश्न होता: दुष्काळी वर्षांना पुरेल एवढे पाणी साठवायचे तर जलाशय किती मोठा हवा? प्रत्येक वर्षाचा पूर आधीच्या वर्षांपासून स्वतंत्र मानला, तर दीर्घ काळात शिलकीची कमाल आणि किमान पातळी यांच्यातील अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवे. नोंदींमध्ये ते त्याहून वेगाने वाढत होते. याचा अर्थ असा की भरपूर पाण्याची वर्षे आणि कोरडी वर्षे गटागटाने येतात आणि हे गट कधी कधी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणून साध्या गणिताने काढलेला जलाशय अपुरा पडतो. १९५१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. असे गट किती टिकून राहतात हे मोजणारी ‘हर्स्ट घातांक’ ही संकल्पना पुढे भूकंपांपासून शेअर बाजारापर्यंतच्या आकडेवारीला लावली गेली.

नाईलचा पूर येतो तो मुख्यतः इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबरमध्ये पडणाऱ्या पावसातून, निळी नाईल आणि अतबारा या नद्यांद्वारे. तो पाऊस आणि आपला मोसमी पाऊस दोन्ही एल निनोच्या वर्षांत कमी पडण्याकडे कल असतो. १८७७ मध्ये नाईलचा पूर असाधारण कमी आला आणि वरच्या खोऱ्यात दुष्काळ पडला; १८७६ ते १८७८ हाच दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचा अंदाज बांधताना दूरदूरच्या ज्या आकडेवारीचा परस्परसंबंध तपासला, तिच्यात नाईलच्या पुराचाही समावेश होता.

अस्वानला वालुकाश्म संपतो आणि सुमारे ६० कोटी वर्षे जुना गुलाबी ग्रॅनाइट नदीपात्रातच उघडा पडतो. हाच नाईलचा पहिला धबधब्यासारखा खळाळ. बोटींची सलग वाट इथे तुटत असे आणि म्हणून प्राचीन इजिप्तची दक्षिण सीमाही बराच काळ इथेच होती. गावाच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा आणि हजार टनांहून अधिक वजनाचा एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा निमुळता स्तंभ, तळापासून न सुटलेला पडून आहे. तडा गेल्याने तो सोडून द्यावा लागला. तांब्याच्या छिन्नीला ग्रॅनाइट दाद देत नाही. कामगार डोलेराइट या आणखी चिवट दगडाचे गोळे आपटून ग्रॅनाइटचा भुगा करत खाली जात, आणि त्या आघातांच्या खोलगट खुणा अजून स्पष्ट आहेत. कर्नाकमधील राणी हत्शेप्सुतच्या ओबेलिस्कवरील लेखात खाणीतील काम सात महिन्यांत झाल्याचे म्हटले आहे.

या ग्रॅनाइटमध्ये, नदीच्या तळाखाली, आणखी एक गोष्ट दडली होती. अस्वानच्या उंच धरणाच्या पायासाठी खोल छिद्रे घेताना सोव्हिएत भूवैज्ञानिक चुमाकोव्ह यांना तिथे, समुद्रसपाटीच्याही खाली, गाळाने भरलेली अरुंद खोल घळ आणि तिच्यात समुद्री जीवांचे अवशेष आढळले. भूमध्य समुद्र इथून हजारेक किलोमीटर दूर आहे. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरजवळचा मार्ग बंद होऊन तो समुद्र बऱ्याच अंशी आटला, तेव्हा त्याच्या खोल तळाशी पोहोचण्यासाठी तत्कालीन नाईलने आपले पात्र कापत नेले. समुद्र पुन्हा भरल्यावर खारे पाणी त्या घळीतून थेट अस्वानपर्यंत आले.

१९६० ते १९७० या काळात बांधलेल्या उंच धरणाने १९६४ पासून पूर अडवला. अबू सिंबेलची मंदिरे हजाराहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर नेली गेली, आणि १९०२ च्या जुन्या धरणामुळे वर्षातील बराच काळ पाण्यात उभे राहणारे फिलेचे मंदिर शेजारच्या अगिलकिया बेटावर हलवून १९८० मध्ये खुले झाले. धरणाच्या पाण्याखाली बुडणाऱ्या नुबिया या अस्वानच्या दक्षिणेकडील प्रदेशात उत्खननासाठी अनेक देशांची पथके गेली; १९६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली अफ्येह आणि तुमास इथे काम करत होते. याची आठवण सहलीत सहसा कोणी करून देत नाही.

धरणाचा हिशेब एकाच बाजूने मांडता येत नाही. दुष्काळाची टांगती तलवार दूर झाली, वीज मिळाली, शेते बारमाही झाली. पण वर्षाला येणारा १० कोटी टनांहून अधिक गाळ आता धरणामागच्या सरोवरातच बसतो, आणि पूर्वी पूर ओसरल्यावर खाली जाणारे भूजल बारमाही सिंचनामुळे वर्षभर उंच राहते. वातीतून तेल चढावे तसे ते वालुकाश्माच्या छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर वाळते आणि विरघळलेले क्षार मागे ठेवते. त्या क्षारांचे स्फटिक वाढताना दगडाचे कण सुटे करतात, म्हणून भिंतीच्या खालच्या पट्ट्यातील कोरीवकाम आधी जाते. मंदिरात फिरताना गुडघ्यापासून कमरेपर्यंतची उंची मुद्दाम पाहावी. कर्नाक आणि लक्सर या मंदिरांभोवती भूजल उतरवण्याची योजना २००६ मध्ये पूर्ण झाली. कोम ओम्बोत असेच काम चालू असताना, २०१८ मध्ये, मंदिराच्या आवारातील चिखलातून वालुकाश्माचा एक स्फिंक्स निघाला.