झिंक प्लेटिंगनंतर बेकिंग का करावं लागतं?

बेकिंग म्हणजे प्लेटिंग झालेला माल ओव्हनमध्ये तापवणं. "माल अर्जंट आहे, बेकिंग राहू द्या," असं बरेच ग्राहक सांगतात. 8.8 ग्रेडच्या (ग्रेडचा आकडा जितका मोठा, तितका बोल्ट मजबूत आणि कडक) बोल्टला बेकिंग लागत नाही, तो आम्ही तसाच देतो. 12.9 चा बोल्ट मात्र बेकिंगशिवाय आमच्या शॉपमधून बाहेर जाणार नाही.

जॉब, म्हणजे प्लेटिंगचा भाग, ॲसिडमध्ये पिकलिंगला (गंज-पापुद्रा काढायला) असतो तेव्हा, आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत करंट चालू असताना, त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुड्यांवाटे निघून जातो. थोडा सुट्या अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. हा अणू अगदी लहान, त्यामुळे लोखंडाच्या अणूंमधून सहज सरकतो. वर झिंकचा थर बसला की त्याची बाहेरची वाट जवळजवळ बंद होते.

बोल्ट आवळल्यावर सगळ्यांत जास्त ताण येतो तो आट्यांच्या बुडाशी आणि डोक्याखालच्या कोपऱ्यात. हायड्रोजन हळूहळू तिथेच गोळा होतो आणि धातूच्या कणांमधली पकड सैल करतो. दहा लाखांत काही भाग एवढा हायड्रोजनही त्याला पुरतो. म्हणून टॉर्क देताना बोल्ट ठणठणीत असतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं उडतं. आधी वाकणं नाही, ताणणं नाही. तुटलेली बाजू भिंगाखाली साखरेच्या दाण्यांसारखी दिसते.

हार्डनेस (कडकपणा) साधारण 39 एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) वर गेला की हा धोका झपाट्याने वाढतो, 12.9 चे बोल्ट 39 ते 44 मध्ये येतात. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये जातो: 190 ते 220 अंश सेल्सिअस, किमान आठ तास, जास्त कडक असेल तर चोवीस तासांपर्यंत. या उष्णतेने आत अडकलेला हायड्रोजन बाहेर निघतो. पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक रासायनिक थर) त्यानंतरच, कारण तो थर एवढी उष्णता सोसत नाही. उशीर चालत नाही. आत एकदा तडा गेला की बेकिंगने तो सांधला जात नाही.

हायड्रोजन नंतर गंजातूनही येतो. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये आवळलेल्या 96 अँकर रॉडपैकी 32 रॉड दोनेक आठवड्यांत तुटले. ते रॉड 2008 पासून जागेवर होते आणि त्यांच्या भोकांत पाणी साचलं होतं. सतत ओल असलेल्या जागी 12.9 वापरण्याआधी तुमच्या डिझायनरशी बोला. प्लेटिंगऐवजी झिंक फ्लेक कोटिंगही (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) करता येतं. त्यात करंट नसतो.

चलानवर ग्रेड आणि हार्डनेस न विसरता लिहा. स्प्रिंग, सर्क्लिप किंवा जुनं प्लेटिंग काढून पुन्हा करायचा माल असेल तर तेही लिहा, कारण स्ट्रिपिंगच्या ॲसिडमधूनही हायड्रोजन आत जातो.