लंगोटाचे पुरळ

तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालची कातडी लाल होते, चुरचुरते आणि पुढे सोलवटते, त्या विकाराला लंगोटाचे पुरळ म्हणतात. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, आयाबाया ‘बुड लाल झालं’, ‘जांघा सोलल्या’ असे सांगतात. ‘रॅश आली’ हा बोलही आता खेड्यांत रुळला आहे. घामोळे वेगळे. ते मान, पाठ, कपाळ अशा घामाच्या जागी बारीक उठते. लंगोटाचे पुरळ मात्र जिथे ओले कापड टेकते तिथेच असते, म्हणून साध्या पुरळात जांघेची खोल घडी बऱ्याचदा कोरी राहते. नवव्या ते बाराव्या महिन्यात, वरचे अन्न सुरू झाल्यावर, हा त्रास सर्वाधिक दिसतो.

मूळ कारण ओल. नवजात बाळ दिवसातून वीसेक वेळा शू करते. ओलीने फुगलेली कातडी नुसत्या कापडाच्या घासण्यानेही फाटते. लघवीतल्या अमोनियाने कातडी जळते, असे १९२१पासून मानले जाई. पुढे १९७०-८०च्या दशकांतील संशोधनाने दाखवले, की खरे नुकसान शी करते. लघवी आणि शी एकत्र आली की जंतू युरियाचा अमोनिया करतात, कातडीवरची नैसर्गिक आम्लता जाते आणि शीमधली पाचक द्रव्ये चेवून कातडीच पचवू लागतात. जुलाब लागलेल्या बाळाचे बुड एका रात्रीत लाल होते ते यामुळे. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कमी झोंबते. स्तनपानाचा हाही एक लाभ.

खान्देशात याला ऊन आणि पाण्याची जोड मिळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बाळ घामाने भिजते, त्यात खाली मेणकापड अंथरलेले असले तर ओल कुठेच जात नाही. याच दिवसांत पाण्याची टंचाई असते, तेव्हा लंगोट एकाच पाण्यातून काढून वाळत टाकले जातात. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट सुटत नाही. कडक वाळलेल्या कापडात तो राहतो आणि पुढच्या शूने ओला होऊन पुन्हा झोंबतो. पाणी मोजकेच असेल तर साबण निम्मा करावा, पण शेवटचे खळबळणे टाळू नये.

जुन्या लुगड्या-धोतराचे त्रिकोणी लंगोट ही इथल्या घरांची खरी शहाणी रीत आहे. हा कापसाचा मुलूख, आणि शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ दुसरे काही नाही. पण सुती लंगोट ओल धरून ठेवतो, म्हणून भिजला की लगेच बदलावा लागतो. बाजारचे डायपर आतल्या जेलमुळे कातडी जास्त कोरडी ठेवतात, हे मान्य करायला हवे. लग्नाच्या वऱ्हाडात किंवा एसटीच्या प्रवासात तेच डायपर दिवसभर तसेच राहते तेव्हा बिघडते.

सर्वांत गुणकारी उपाय फुकटचा आहे: बाळाला उघडे ठेवणे. कापूस वेचायला गेलेली आई बाभळीला किंवा लिंबाला झोळी बांधते आणि लेकरू त्यात बिनलंगोटाचे निजते. त्याच्या कातडीला वारा मिळतो. घरीही दुपट्यावर दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावे, मात्र कडक उन्हात नाही. शी झाली की कोमट पाण्याने धुवावे, साबण शक्यतो नको, आणि मऊ फडक्याने न चोळता टिपून घ्यावे. पूर्ण कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यावा. पुढची ओल त्या थरावरच अडते. खोबरेल तेलाचा पातळ थर किरकोळ लालीला चालतो. दर वेळी सगळे मलम खरवडून काढू नये, फक्त मळलेले पुसावे.

काही घरगुती रिती मात्र सोडायला हव्यात. डाळीच्या पिठाने चोळणे सोललेल्या कातडीला घातक आहे. पावडरीचा बारीक कण श्वासातून फुप्फुसात जातो, बोरिक पावडर तर विषारीच. शेगडीवरच्या ओवा-शेपांच्या धुरीने बुड सुकते, असे म्हणतात, पण तो धूर कोवळ्या छातीला बाधतो. कडुलिंब खान्देशात बांधाबांधावर आहे. त्याच्या पाल्याच्या उकळून निवलेल्या पाण्यात धुण्याचा लाभ बराचसा पाण्याचाच असावा. निंबोळीचे तेल मात्र बाळापासून दूर ठेवावे, पोटात गेल्यास तान्ह्याला गंभीर विषबाधा होते.

साधे पुरळ दोन-तीन दिवसांत उतरते. तसे झाले नाही, जांघेच्या घड्याही लालभडक झाल्या आणि कडेला सुट्या बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. प्रतिजैविकांच्या औषधानंतर ती बऱ्याचदा डोके वर काढते. तिला तूप-तेल पुरत नाही, बुरशीनाशक मलमच लागते. अशा वेळी बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे चट्टे आहेत का ते पाहावे. असतील तर आईच्या स्तनाग्रांवरही एकदमच उपचार करावे लागतात. फोड, पू, रक्त किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.